कोणीच न फेकलेला टॉवेल

१

मुष्टियुद्ध मंडळाच्या कचेरीत, सचिवांच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत एक पांढरा टॉवेल ठेवला होता. या टॉवेलनं हेवीवेट विजेतेपदाचा पट्टा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर नेला होता. आणि तो आपण फेकला असं म्हणायला एकही माणूस तयार नव्हता.

वकीलआत्या त्याच्याकडे टक लावून बघत बसली होती. ती वकील होती आणि पहाडची सख्खी आत्या होती, म्हणून अख्खी तालीम तिला वकीलआत्या म्हणायची. पहाड म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंतचा विजेता. दारातून आत येताना जरा तिरका व्हावा लागणारा हा माणूस आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनाही आईवेड्या वयात पोरके झाल्यावर तिनंच वाढवलं होतं. पहाडच्या कराराचं एकही पान तिच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय सहीला जात नसे.

झालं होतं ते असं. पट्टा राखायच्या लढतीत, मधल्याच एका राउंडला, पहाड आपल्या दोन्ही पायांवर नीट उभा असताना त्याच्या कोपऱ्याच्या बाजूनं हा टॉवेल उडत आला आणि रेफ्रीच्या बुटापाशी पडला. टॉवेल फेकणं म्हणजे आपल्या माणसाची हार आपणच कबूल करणं. रेफ्रीनं लढत थांबवली.

हरलं तरी बिघडत नाही, हरणाऱ्यासाठी फेरलढतीचं कलम असतं. दोघांपैकी कोणीही मागितलं की दुसऱ्याला पुन्हा रिंगमध्ये उतरावंच लागतं. पण या करारातल्या कलमाला एक शेपूट होतं. कोपऱ्यानं, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्याच माणसांनी, स्वतःहून लढत सोडली, तर फेरलढत नाही. समोरच्या पक्षानं वाटाघाटीच्या अगदी शेवटी हे शेपूट जोडलं होतं. आत्यानं ते कापायला जिवाचं रान केलं, समोरचे बाकी सगळ्यात वाकले, पण यात नाही. शेवटी तिनं मान डोलावली, कारण पहाडचा कोपरा त्याच्या प्रशिक्षकांच्या, उस्तादांच्या ताब्यात होता आणि उस्तादांनी जन्मात कधी टॉवेल फेकला नव्हता.

आता पहाड चाळिशीला टेकला होता. फेरलढत नसेल तर त्याला पुन्हा पट्ट्यासाठी कोण उभं करणार? पोराचं आयुष्य आपल्या डोळ्यांदेखत संपतंय, हे आत्याला सहन होत नव्हतं. तिनं लढतीच्या दुसऱ्याच सकाळी मंडळाकडे तक्रार टाकली होती. टॉवेल कोपऱ्यातला नव्हे, कोणा प्रेक्षकाचा. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही आयोजकांनी अगदी असेच टॉवेल वाटले होते, त्यामुळे बोलायला जागा होती.

सचिव सज्जन माणूस होता. कोणी फेकला हे उद्या दुपारच्या सुनावणीत ठरलंच नाही, तरी संशयाचा फायदा तुम्हाला मिळेल, असं त्यानं सांगितलं. मात्र कोपऱ्यातल्या एकाचंही नाव पुढे आलं, तर विषय संपला. एवढं बोलून त्यानं पिशवी तिच्यापुढे सरकवली.

आत्यानं पिशवी उघडली आणि नाक मुरडलं. कुबट वास आला. टॉवेल चिंब ओला असताना आत कोंबला होता. तिनं तो बाहेर काढला, तेव्हा एका टोकाला काहीतरी टणक हाताला लागलं. करकचून मारलेली गाठ होती.

मजा बघायला आलेला प्रेक्षक टॉवेल भिजवून, गाठ मारून बसत नाही.

२

तालमीत शिरल्या शिरल्या आत्यानं एक कोरडा टॉवेल उचलला आणि कोपऱ्यातून रिंगमध्ये भिरकावला. तो हवेत उलगडला आणि दोरांवर वाळत घातल्यासारखा पडला. मग तिनं तोच बादलीत बुचकळला, पिळला, टोकाला गाठ मारून फेकला. धप्प करून तो थेट रिंगच्या मध्यात जाऊन पडला.

"वकिली बंद करून आता कपडे धुणार का?" उस्ताद मागून म्हणाले.

उस्ताद पहाडचे प्रशिक्षक. नाक चपटं, कान चुरगळलेले, आवाज असा की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं बसावं. आज मात्र त्यांची दाढी वाढलेली होती आणि डोळे तांबारले होते. तालमीत दुसरं कोणी नव्हतं. पहाड हरल्यापासून शिकाऊ पोरं एकेक करून दुसरीकडे जाऊ लागली होती आणि लटकवलेल्या बॅगा तशाच निश्चल लोंबत होत्या.

आत्यानं आडवळण न घेता विचारलं. लोक म्हणतात की उस्ताद नव्या विजेत्याच्या तालमीत दिसले होते, ते का? उस्तादांचा चेहरा पडला. गेलो होतो, असं त्यांनी कबूल केलं. नव्या विजेत्याच्या मालकापुढे हात जोडायला गेलो होतो. कलमबिलम बाजूला ठेवा, पण माझ्या पोराला एक संधी द्या, असं विनवायला. जन्मभर कोणापुढे मान न वाकवलेला माणूस हे सांगताना खाली फरशीकडे बघत होता.

"टॉवेल घाम पुसायला असतो, वकीलबाई," ते म्हणाले. "मी असतो तर आधी माझा हात तोडून फेकला असता."

आत्याला ते पटलं. पण तिनं रिंगमधला टॉवेल आणून त्यांना गाठ दाखवली; मंडळाकडचा टॉवेलही असाच होता. ओला टॉवेल, गाठ मारलेला, म्हणजे कोणीतरी आधीपासून तयारीत ठेवलेला. क्षणाच्या भरात कोणाचा जीव कळवळला आणि त्यानं फेकला, असं हे काम नव्हतं. कोणीतरी ठरवून बसलं होतं. उस्तादांनी गाठ बोटांनी चाचपली.

मग त्यांनी सांगितलं ते आत्याला ऐकायचं नव्हतं. लढत चालू असताना कोपऱ्यात पाण्याला हात लावणारा एकच माणूस असतो. आणि बादली उस्तादांकडे नव्हती.

३

बादली होती धाकट्याकडे. म्हणूनच आत्या आधी त्याच्याकडे गेली नाही. दुखऱ्या दाताला जीभ लावायचं माणूस जसं टाळतं, तशी ती टाळत टाळत टाकेवाल्याकडे गेली.

टाकेवाला म्हणजे दोन राउंडच्या मधल्या मिनिटात भुवईचं रक्त थांबवणारा गडी. हा कोणा एकाचा नोकर नसतो. जो बोलावेल त्याच्या कोपऱ्यात उभा राहतो. नव्या विजेत्यानं पुढच्या लढतीसाठी त्यालाच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गावभर बोटं त्याच्याकडे होती.

"ताई, कुठल्याही कोपऱ्यात रक्त तेवढंच लाल असतं," तो शांतपणे म्हणाला. मग त्यानं आपले पंजे पुढे केले. लढतीच्या वेळी ते मनगटापर्यंत व्हॅसलीननं माखलेले असतात. त्यानं धरलेल्या कापडावर डाग पडणारच आणि तो साबणानंही सहज निघत नाही. पिशवीतल्या टॉवेलवर डाग होता का? नव्हता.

आत्याचा अजून एका गोष्टीवर जीव टांगलेला होता. पहाडच्या डोळ्याला, डोक्याला काही झालं असेल आणि ते कळलेल्या कोणी मायेपोटी हे केलं असेल, तर निदान त्याला काही अर्थ होता. टाकेवाल्यानं मान हलवली. भुवईवर एक ओरखडा, बस. डॉक्टरांचे कागद आत्यानं स्वतः पाहिले होते. डोळे स्वच्छ, मेंदू स्वच्छ, हृदय घोड्याचं. पहाड ठणठणीत होता.

मग मात्र तिला धाकट्याकडे जावंच लागलं. तो घरामागच्या अंगणात दादाच्या हाताला लढतीत बांधायच्या पट्ट्या धुऊन गुंडाळत बसला होता. आता त्या लागणार नव्हत्या, तरी गुंडाळत होता. दादासाठी बादली उचलणं हा त्याला मोठा मान वाटायचा. लहानपणी दादाला खोकला झाला तर औषध हाही मागायचा.

आत्यानं त्याच्यासमोर बसकण मारली आणि एकही शब्द न वाढवता विचारलं, की टॉवेल तू फेकलास का.

उस्ताद नाही म्हणाले होते. टाकेवाला नाही म्हणाला होता. हा पोरगा काही बोलला नाही. हातातली पट्टी सुटून अंगणभर उलगडत गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोलायचं कोणाला? हे नाव उद्या बाहेर आलं, तर एका भाच्याचं भविष्य जाणार आणि दुसऱ्याला लोक जन्मभर घरभेदी म्हणणार.

धाकट्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते.

"आत्या," त्यानं विचारलं, "दादा काय म्हणाला?"

४

चोरी करताना सापडलेला माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. ज्याच्याकडे चोरी झाली तो काय म्हणाला, हे तो पहिल्यांदा कशाला विचारेल? रस्ताभर आत्याच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता.

ती समोरच्या पक्षाच्या वकिलाकडे निघाली होती. तिथं तिचं काम वेगळंच होतं. रिंगच्या पलीकडच्या बाजूनं घेतलेलं चित्रण फक्त त्यांच्याकडे होतं. त्यात पुढच्या रांगेतला एखादा हात दिसला असता, तर धाकट्याचं नाव न घेता सुनावणी जिंकता आली असती. वकिलानं खोटं बोलायचं ठरवलं की आधी त्याला साक्षीदार लागतो, हे तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि आज तिनं तसं ठरवलं होतं.

समोरचा वकील हसतमुख होता. टेबलावर त्यानं शेंगदाण्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि सांगितलं की आमचा फेरलढतीला विरोधच नाही. पुन्हा भरलेलं मैदान कोणाला नको असतं? तुम्ही उद्या जिंकावं म्हणून आम्हीच हात जोडून बसलोय. त्यानं आनंदानं चित्रण लावलं.

त्यात उस्ताद स्पष्ट दिसत होते, दोन्ही हातांनी दोर धरून ओरडत. टॉवेल कोणाच्या हातातून सुटला ते दिसत नव्हतं. एका खांबाआडून तो अचानक उगवत होता. आत्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

चौथ्या वेळी ती टॉवेलकडे न बघता पहाडकडे बघत होती. पहाडची पाठ आपल्या कोपऱ्याकडे होती. मागून काय येतंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. टॉवेल अजून हवेत होता, रेफ्रीनंही पाहिला नव्हता. आणि पहाडनं दोन्ही हात खाली सोडले होते. समोर हेवीवेट उभा असताना हात खाली सोडणं म्हणजे धावत्या ट्रकसमोर डोळे मिटणं. असं करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असायला हवी, की आता ठोसा येणार नाही.

आत्यानं चित्रण थांबवायला सांगितलं. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुम्हाला फेरलढत इतकी हवी होती, तर मग कलमाला ते शेपूट कशाला जोडलंत?

वकील शेंगदाणे चघळायचा थांबला. तुम्हाला खरंच माहीत नाही? मग त्यानं सांगितलं. करार कच्चा असताना लढतीची घोषणा झाली, फोटो निघाले. दोघे मुष्टियोद्धे कपाळाला कपाळ लावून, एकमेकांना खाऊ की गिळू करत उभे राहिले. पत्रकारांना वाटलं, पुटपुटत शिव्या देतायत.

"शिव्या नव्हत्या, बाई," वकील म्हणाला. "तुमचा पहाड आमच्या माणसाकडे ती अट मागत होता. माझं नाव घेऊ नको म्हणाला. आमचा माणूस शब्दाला पक्का, आम्हालाही त्यानं लढत होईपर्यंत कारण सांगितलं नाही. फक्त अट सोडायची नाही म्हणून हटून बसला."

५

संध्याकाळचं ऊन तालमीच्या झडपांतून आत आलं होतं. पहाड रिंगच्या कडेला पाय सोडून बसला होता. हरल्यापासून तो फारसं बोललाच नव्हता. सगळ्यांना वाटलं होतं, दुःखानं वाचा बसली. आत्या त्याच्या शेजारी बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिनं त्याला आरोपपत्र वाचून दाखवावं तसं सगळं सांगितलं. फेरलढत कोणाला नको होती, हे मी शोधत होते. उस्ताद तिच्यासाठी भीक मागून आले. समोरच्यांना हवीच आहे. टाकेवाल्याला दोन्हीकडे काम आहे. धाकटा तर तू म्हणशील ती पूर्व म्हणणारा. ती नको असणारा माणूस मला सापडेना, कारण मी एक नाव यादीत घेतलंच नव्हतं. फेरलढतीचं कलम हा हरणाऱ्याचा हक्क, असं आम्ही घोकत राहिलो. पण ते दोन्हीकडून बांधतं. समोरच्यानं मागितलं असतं, तर तुला उतरावंच लागलं असतं. सुटायची वाट एकच होती, आणि ती वाट करारात तूच पाडून घेतलीस. टॉवेल भिजवला धाकट्यानं, फेकलाही त्यानंच. पण सांगितलं तू, कोणत्या क्षणी तेही.

पहाडनं नाही म्हटलं नाही. त्याच्या मोठ्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला.

"का रे?" आत्यानं विचारलं. "काही दुखतंय का? मला सांग, आपण दुसरा डॉक्टर बघू."

"दुखत काही नाही, आत्या. भीती वाटते."

ती थांबली. पुढे काहीतरी येईल असं तिला वाटलं.

"बस, एवढंच," तो म्हणाला. "दाखवायला जखम नाही, कागद नाही. सकाळी उठलो की भीती वाटते. ग्लोव्ह्ज बघितले की वाटते. मागच्या तीन लढती मी भीत भीत जिंकलो. तुम्ही सगळे खांद्यावर घेऊन नाचत होतात, आणि मी मनात म्हणत होतो, आता पुन्हा एक आली."

लढणार नाही असं सरळ सांगायचं होतंस, असं आत्या म्हणाली. म्हणताना तिलाच ते पोकळ वाटलं. पहाड किंचित हसला. सांगितलं असतं तर तुम्ही समजावलं असतंत, आणि समजावण्यात आपलं घर पटाईत आहे. उस्तादांनी पाठ थोपटली असती, तू नवा करार आणला असतास, आणि मी पुन्हा उतरलो असतो. म्हणून असं दार शोधलं, की ज्यातून बाहेर पडल्यावर कोणालाही मला परत आत ढकलता येणार नाही.

आणि ते दार आत्यानं दुसऱ्या सकाळी तक्रार टाकून पुन्हा उघडायला घेतलं होतं. त्याला न विचारता, त्याच्या प्रेमापोटी. साप साप म्हणून तिनं भुई धोपटली होती, आणि खाली हा पोरगा होता. आत्याला रडू आवरेना. तिनं ते आवरलंही नाही.

थोड्या वेळानं पहाडनं अगदी हळू विचारलं, "उद्या तू जिंकशील ना?"

कोणी फेकला हे ठरलं नाही, तर ती जिंकणार होती. काहीच न बोलता जिंकणार होती.

६

सुनावणीच्या खोलीत पंखा मोठा आवाज करत फिरत होता. एका बाजूला नवा विजेता आपल्या वकिलासोबत बसला होता, दुसऱ्या बाजूला पहाड, उस्ताद, टाकेवाला आणि धाकटा. मागे पत्रकार दाटीवाटीनं उभे होते. अध्यक्षांना लवकर उरकायचं होतं. पुरावा नाही, दोन्ही पक्षांना फेरलढत मान्य दिसते, तर मंडळ तसा निर्णय देऊन मोकळं होतं, असं म्हणून त्यांनी लेखणी उचलली. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

आत्या उभी राहिली. तक्रार मागे घेते, असं तिनं सांगितलं. टॉवेल आमच्याच कोपऱ्यातून आला होता.

खोलीत गलका झाला. अध्यक्षांनी तो शांत करून विचारलं, कोपऱ्यातून म्हणजे कोणी? मंडळाला नाव लागतं. आत्यानं रस्ताभर या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं आणि तिला ते सापडलं नव्हतं. धाकट्याचं नाव घ्यावं तर तो घरभेदी ठरणार. पहाडचं घ्यावं तर उद्याच्या पेपरात तो भेकड. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटा उठत होता.

पहाडनं आपला पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला हलकेच खाली बसवलं. मग तो स्वतः उभा राहिला.

"टॉवेल मी मागवला होता," तो म्हणाला. "त्यानं फक्त माझा शब्द पाळला."

उस्तादांचे डोळे उघडले. ते पहाडकडे असे बघत राहिले, जणू या माणसाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. नव्या विजेत्यानं मान खाली घातली. मागे कोणीतरी फस्सकन हसलं, आणि पहाडचे कान लाल झाले, पण तो बसला नाही.

अध्यक्ष गोंधळले होते. दुखापत आहे का, त्यांनी विचारलं. पहाड नाही म्हणाला. मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. एवढ्या मोठ्या योद्ध्यानं घाईत असा निर्णय घेऊ नये, पट्टा परत मिळवायची ही शेवटची संधी आहे. त्यांनी आत्याकडे मोहरा वळवला. वकीलबाई, तुम्ही यांना बाहेर नेऊन जरा समजवा.

समजवायला लागणारं सगळं आत्याच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर ती तेच करत आली होती. तिनं अध्यक्षांकडे पाठ केली आणि भाच्याकडे तोंड केलं. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं त्याला विचारलं, "तुला पुन्हा लढायचंय का रे?"

"नाही," पहाड म्हणाला.

आत्या वळली आणि अध्यक्षांच्या हातातल्या लेखणीकडे बोट केलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली.